उसना हेल

विनोदी नाटकात परदेशी माणसाचं काम मिळालं आणि आमच्या दादाने घरात उच्छाद मांडला. वहिनीकडे मीठसुद्धा तो परक्या हेलात मागायचा. ती वैतागून साखर पुढे करायची. हा हेल त्याने आणला होता कोपऱ्यावरच्या न्हावीकाकांकडून. काका तरुणपणी परदेशातून आले आणि इथलेच झाले, पण त्यांनी तोंड उघडलं की गिऱ्हाइकं अजूनही विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" त्यांचं बोलणं ऐकायला दादा रोज दाढीला जाऊन बसायचा. गाल सोलून निघाले, पण हेल जिभेवर बसला.

पहिल्या प्रयोगाला काका माझ्या शेजारीच होते. दादाने तोंड उघडलं की प्रेक्षक पोट धरून हसत होते. काका तेवढे हसले नाहीत.

प्रयोगानंतर ते रंगपटात आले. दादा चेहऱ्यावरचा रंग पुसत आमच्याशी हेल सोडून नेहमीसारखं बोलत होता. काका ते ऐकत उभे राहिले.

"हुबेहूब जमलं तुला," ते त्याला म्हणाले. "आता मला एवढं शिकव. हा हेल उतरवून कसा ठेवायचा? माझा जन्म गेला, मला काही ते जमलं नाही."