दादाच्या गाडीचे प्लग

आमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे फोरमन म्हणतात. वर्कशॉपमध्ये तो फोरमन आहेच, पण घरीही फोरमनच. धाकटी चिडली की तीसुद्धा "ऐका हो फोरमन" अशी सुरुवात करते, आणि मग त्याला ऐकावंच लागतं. बोलणं त्याच्या स्वभावात नाही. बोलायची वेळ आली की तो खिशातलं फडकं काढून हात पुसायला लागतो, हात स्वच्छ असले तरी.

धाकटीने त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या घरात पदव्यांचा सुकाळ होता आणि अकलेचा दुष्काळ. आमचा थोरला भाऊ, दादा, विमा कंपनीत अधिकारी होता. तो म्हणाला, "बहीण पदवीधर, जावई पानाधर." सगळे हसले. फोरमन तेव्हा बाहेरच्या खोलीत बसला होता आणि मधे नुसता पडदा होता. त्यानंतर फोरमन घरी आला की दादा वर्तमानपत्र उचलून आतल्या खोलीत जायचा. त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. अपमान करायलाही माणसाकडे बघावं लागतं. दादा बघतच नसे. अशीच वर्षं गेली, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली.

फोरमन ज्या शोरूममध्ये आहे तिथे इतर गाड्यांबरोबर दोन सीटची एक स्पोर्ट्स गाडी विकायला येते. तिचं इंजिन निराळं. साध्या इंजिनात दट्टे खालीवर होतात. हिच्या पोटात फुगीर बाजूंचा तिकोनी तुकडा गरगर फिरतो. पळायला लागली की मधमाशीसारखी गुणगुणते, पण एक खोड आहे. गार इंजिन सुरू करून लगेच बंद केलं की न जळलेलं पेट्रोल आत साचतं, ठिणगी पाडणारे प्लग भिजतात, आणि पुढच्या वेळी गाडी नुसती खाकरते. आता नवी गाडी म्हणजे काय, ट्रकवरून उतरवा, आवारात लावा, धुवायला न्या, काचेमागे उभी करा. दर वेळी गार सुरू, लगेच बंद. गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली पडायच्या आत प्लगांचे बारा वाजलेले असतात. म्हणून तिथली रीत अशी, की विकलेली गाडी पॉलिशच्या नावाने आत घ्यायची, चारही प्लग बदलायचे आणि अळीमिळी गुपचिळी. विक्रीचे साहेब म्हणायचे, "मांडवात नवरीच्या दाढेचा विषय काढतं का कोणी?"

फोरमन साहेबांचं ऐकायचा, पण अर्धंच. प्लगांबद्दल तो गप्प राही. मात्र किल्ली देताना गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन हळूच सांगायचा, "एकदा सुरू केलीत की इंजिन तापल्याचा काटा वर येईपर्यंत बंद करू नका. दोन पावलं सरकवायची असेल तर ढकला." प्रत्येकाला सांगायचा. दादाला तेवढं सांगितलं नाही.

दादाने निवृत्तीनंतर ती गाडी घेतली. लाल. वहिनी म्हणाली, "दोन सीटा. एकीवर तुम्ही, एकीवर तुमची हौस. मी डिकीत बसू का?" पण तिचा विरोध नव्हता, कारण तिला एकटीलाच एक गोष्ट माहीत होती. दादाच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून काही काळ गाडी चालवा, पुढचं सांगता येत नाही. पहिली नोकरी समुद्रकाठच्या ज्या गावात केली, तिथे वहिनीला स्वतः गाडी चालवत न्यायचं, एवढंच दादाच्या मनात होतं. डोळ्यांचं त्याने दुसऱ्या कुणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे दुखणं आणि चूक दोन्ही लपवून ठेवायची पद्धत आहे.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी फोरमन फडकं घेऊन शेजारीच उभा होता. दादाने काउंटरवरच्या मुलीकडून किल्ली घेतली आणि सवयीप्रमाणे त्याच्याकडे न बघता निघून गेला. ते मी समजू शकते. न बघणाऱ्याच्या कानात कसं काय सांगणार?

दादा रोज सकाळी गाडी गॅरेजमधून अंगणात काढायचा, पुसायचा, शेजारपाजारचे बघून झाले की परत आत ठेवायचा. त्या गाडीला याहून वाईट खुराक नाही. आठवडाही झाला नसेल, गाडी खाकरून बसली. वहिनीने धाकटीला फोन केला आणि संध्याकाळी फोरमन चार नवे प्लग घेऊन गेला.

प्लगांपर्यंत पोचायला चाक एका अंगाला वळवून, खाली आडवं होऊन हात घालावा लागतो. दादा आधी दारात उभा होता, मग पायरीवर आला, मग वाकून बघायला लागला.

"हे दोन वेगळे दिसतात."

"वरचे वेगळे, खालचे वेगळे."

"आणि वरचे खाली घातले तर?"

"तर मला परत बोलवावं लागेल," गाडीखालून फोरमन म्हणाला.

दादा हसला. वहिनी सांगते, तिने आतून ऐकलं आणि तिच्या हातातली बशी तशीच राहिली. गाडी सुरू झाली, चहा झाला, दादाने त्याला खुर्ची दिली. फोरमन घरी येऊन धाकटीला म्हणाला, "दादांनी मला बस म्हटलं."

"मग काय, चौकट करून लावू भिंतीवर?" धाकटी म्हणाली.

काटा वर येईपर्यंत बंद करू नका, हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. पुढच्या वेळीही नाही. कारण पुढची वेळ आली, आणि या वेळी फोन दादाने स्वतः केला. "फोरमन, बघ रे बाबा, पुन्हा रुसली." मग ते चालूच राहिलं. गाडी रुसायची, फोरमन शर्ट बदलून जायचा, प्लग बदलायचे, आणि मग दोघं पायरीवर बसायचे. काय बोलायचे देव जाणे. वहिनी म्हणते, कधी पावसाळी गटारांबद्दल, कधी दादाच्या जुन्या साहेबांबद्दल. एकदा दादाने त्याला आमच्या वडिलांची नक्कल करून दाखवली. ती नक्कल त्याने आम्हा बहिणींनाही कधी दाखवलेली नाही.

इकडे दादाचा गाडीवरचा विश्वास उडाला. कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि वळवून आणायचा. "वाटेत बंद पडली तर? तिथे काय फोरमन बसलाय?" वहिनीने दोनदा बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली. वर्ष सरलं. मग एका संध्याकाळी अंगणातून गाडी आत घेताना त्याने ती खांबाला घासली. खांब त्याला दिसलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. तेव्हा कुठे वहिनीने मला डोळ्यांचं सांगितलं.

गाडी परत विकायची म्हणून दादा वहिनीला घेऊन शोरूममध्ये गेला. फोरमन जेवायला घरी गेला होता. काउंटरवरची मुलगी सहज म्हणाली, "तुम्हाला इतका त्रास कसा झाला, काका? गार असताना लगेच बंद करत होतात का? आमचे फोरमन तर सगळ्यांना सांगतात."

दादा तिथून थेट माझ्याकडे आला. चप्पलही काढली नाही. "सगळ्या गावाला सांगतो, आणि मला नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि बरोबर वेळ साधली. वर माझ्याच दारात बसून चहा प्यायला."

मी म्हटलं, "आधी बस. त्याला विचारू दे मला."

"काही विचारू नकोस. हिशेब चुकता झाला म्हण त्याला."

मी अर्थातच विचारायला गेले. वर्कशॉपच्या मागे लोखंडी कपाटांची एक खोली आहे, तिथे तो उभा होता आणि हात पुसत होता.

"सांगितलं का नाहीत?"

त्याने फडकं उलटलं. "सांगितलं असतं तर गाडी बंद पडली नसती, ताई."

"तेच तर विचारते आहे."

"बंद पडली नसती तर त्यांनी मला कशाला बोलावलं असतं?"

इतकी वर्षं या माणसाला मी ओळखते असं समजत होते. म्हटलं, "अहो, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं? आणि तेही दुसऱ्याचं ताक नासवून? त्याचे डोळे जात होते. गाडी चालवायला त्याच्याकडे तेवढाच वेळ होता."

फडकं थांबलं. "डोळ्यांचं मला कोणी बोललं नाही," तो म्हणाला. मग खाली बघून, "रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. चहा येईपर्यंत ठरलेलं असायचं."

मी दादाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मधलं काही गाळायची मला सवय नाही. ऐकून तो खिडकीकडे तोंड करून बसला. तिथून त्याला फारसं काही दिसत नाही. "मग नुसतं यायचं होतं त्याने," शेवटी म्हणाला.

"तू नुसतं बोलावलं होतंस कधी?"

 उत्तरासाठी मी थांबले नाही. माझी बस होती.

पुढच्या रविवारी फोरमन गेला, धाकटीने ढकलला म्हणून. हातात काही नव्हतं. धाकटीने फळं दिली होती, ती तो घरीच विसरला. वहिनीने खुर्ची दिली, चहा केला. दादाने विचारलं, "काम कसं आहे?" तो म्हणाला, "ठीक आहे." मग त्याने विचारलं, "डोळे कसे आहेत?" दादा म्हणाला, "आहेत." गॅरेजचं दार उघडंच होतं आणि आत गाडीच्या जागी कोणीतरी धुणं वाळत घातलं होतं. चुकलं असं फोरमन म्हणाला नाही, आणि माझंही चुकलं असं दादा म्हणाला नाही. दोघांच्याही तोंडात ते होतं, असं वहिनी म्हणते. पण ती भल्या मनाची बाई आहे. चहा संपल्यावर फोरमन उठला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर दादाने वहिनीला विचारलं, "गेला? इतक्यात?"

हेही मी धाकटीकडे पोचवलं. फोरमन ऐकत होता. तो म्हणाला, पुन्हा जाईन, काहीतरी काम निघालं की. मी म्हटलं, त्या घरात आता तुमचं काय काम निघणार? त्याने यावर विचार केला असावा, कारण तो अजून गेलेला नाही.