सख्खी रिंग, सावत्र रिंग

नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचा कारखाना होता. तिथला सगळा कारभार एका संगणक प्रणालीवर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी तिशीचा होतो आणि मला घाई होती. पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सिस्टीम बसत नाही ती माणसांमुळे. जुनी पद्धत शिल्लक ठेवली की माणसं तिकडंच पळतात." मला ते फार पटलं.

स्टोअर सांभाळायला एक बाई होत्या. पेठकडच्या डोंगरातल्या. झाडलोटीला म्हणून लागल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत हजारो सुट्या भागांच्या जागा त्यांच्या डोक्यात बसल्या होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. भागांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. हुबेहूब दिसणाऱ्या दोन काळ्या रबरी रिंगा होत्या. गरम तेलात टिकणारी ती 'सख्खी', साधी ती 'सावत्र'.

तीन महिने रोज दुपारी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून मी ही माहिती काढून घेतली. त्या सांगायच्या, मी प्रत्येक भागाला बारा आकडी कोड द्यायचो. आपल्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय, असं त्यांना वाटत होतं. डब्यातली नागलीची भाकरी त्या मला मोडून द्यायच्या. मग आढावा बैठकीत मी त्यांच्या नावांची यादी पडद्यावर लावली, जुन्या कारभाराचा नमुना म्हणून. सगळे हसले. मागं उभ्या असलेल्या त्याही हसल्या, जरा उशिरा.

"साहेब, ह्याच्यात मराठी नाय का येनार?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही येत," मी म्हणालो. येत होतं. दोन दिवसांचं काम होतं. पण त्यासाठी पुण्याला विनंती करावी लागली असती आणि माझी तारीख पुढं गेली असती.

सिस्टीम सुरू झाली त्या सकाळी कप्प्यांवरची त्यांच्या हातची कार्डं मी गोळा केली आणि त्यांच्यासमोरच फाडून टाकली.

"थोडी घरी नेऊ का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यानंतर त्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर कोड लिहून पाठ करत बसायच्या.

दीडेक महिन्यानं त्यांचा फोन आला. "साहेब, गरम तेलाच्या पंपाला कॉम्प्युटर ही रिंग द्या म्हनतो. पन हाताला सावत्र लागती."

"मावशी, हाताचं आता सोडा. स्क्रीनवर आहे तेच द्या."

त्यांनी दिली. त्या रिंगा बसवून पंप गिऱ्हाइकाकडे रवाना झाले, तिथं गरम तेलात रिंगा फुगल्या आणि सगळा माल परत आला. त्याच दुपारी मी नोंदी उघडून पाहिल्या. दोन्ही रिंगांचे कोड मीच उलटे चढवले होते. केबिनचं दार लावून मी ते सरळ केले. कोणी काय बदललं हे बघायचा अधिकार फक्त माझ्याकडे होता.

चौकशीत व्यवस्थापकांनी विचारलं, "बाई, तुम्हाला शंका नाही आली?"

"आली व्हती. साहेबांना फोन केला व्हता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिवसाला कितीतरी फोन येतात," मी म्हणालो. "असा काही आठवत नाही."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. मी पुढं आणखी काही बोलेन म्हणून थांबल्यासारख्या. मग म्हणाल्या, "आसंल. माझंच चुकलं आसंल."

त्यांना ओतीव भाग घासायला पाठवलं. हातात लोखंडी ब्रश, दिवसभर धूळ. खोकला लागला तशी त्यांनी नोकरी सोडली. निरोप वगैरे काही झाला नाही; शेवटच्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या गेटनं बाहेर पडलो.

सिस्टीम मात्र बसली. उत्तम बसली. वरिष्ठांचा पाठिंबा, स्वच्छ माहिती, वापरणाऱ्यांचा सहभाग, ही यशाची कारणं मी आता इतर कारखान्यांना सांगत फिरतो. त्यातलं एकही खोटं नाही. माहिती स्वच्छ होती ती मावशींनी दिली म्हणून, आणि त्यांच्याइतका सहभाग दुसऱ्या कुणीच घेतला नव्हता.

मागच्या वर्षी त्या नाशिक रोडला भेटल्या. तिथल्या एका कॉलनीत अंथरुणाला खिळलेल्या आजींचं सगळं करतात. पिशवीत औषधं होती. माझी चौकशी केली, कारखान्यातल्या माणसांची केली. मी खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर तिथं ऐकायला आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"सुनेनं कॉम्प्युटरचा कोर्स केलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं कुठं लागंल का?"

"बघतो," मी म्हणालो. "तिची माहिती पाठवून द्या."

कुठं पाठवायची ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. औषधाची वेळ झाली म्हणून त्या निघाल्या.