स्टेशनवर राहिलेला माणूस

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याशी मी सगळ्यात जास्त कशावर बोलले असेन, तर अंतराळातल्या एका परदेशी मालिकेवर. हसू नका. फौजी माणसाच्या बायकोला फोनवर बोलायला विषय तरी किती असतात? ते कुठं आहेत, विचारायचं नाही. काय करतात, विचारायचं नाही. इकडची रडगाणी लावायची नाहीत, कारण तिथून त्यांना काही करता येत नाही, नुसता जीव खालीवर होतो. मग उरतं काय? जेवलात का, थंडी आहे का, आईंचे गुडघे कसे आहेत, पोरीची शाळा कशी चाललीय. संपलं. पुढं दोन्हीकडं गप्प आणि मधे फोनची खरखर.

ती मालिका यांनीच एका सुट्टीत मोबाईलवर आणली. हिंदीत बोलणारी होती, म्हणून बरं. पृथ्वी सोडून निघालेलं एक भलंमोठं जहाज, त्यातली माणसं, त्यांची भांडणं. मला पहिल्यांदा वाटलं, काय हा पोरखेळ. मी सांगलीची, हळदीच्या पेठेत वाढलेली. आमच्याकडं बाजारभाव सोडून कुणी वर आभाळाकडं बघत नाही. पण दोन भाग बघितले आणि मीच यांच्या मागं लागले, लावा की पुढचा! मग हे ड्युटीवर गेले की तिकडं ते बघायचे, इकडं मी बघायची, आणि फोनवर आमची जुंपायची. पुढच्या सीझनला काय होणार, कोण मरणार, कोण दगा देणार. यांचा आवाज असा खुललेला मी दुसऱ्या कशावर ऐकलेला नाही.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत. आणि 'कवा येणार' असं कुठल्याच घरात विचारत नाहीत. सासूबाईंनी मला आल्या आल्याच दम भरला होता. सासरेही फौजेतलेच. त्यांच्या एका सुट्टीची तारीख सासूबाई आडावर बायकांत बोलून बसल्या, आणि ती सुट्टी रद्द झाली. पुढं कितीतरी दिवसांनी आले ते एका कानानं बहिरे होऊन. तेव्हापासून त्यांच्या तोंडून तारीख निघालेली नाही. बॅग दारात टेकली म्हणजे माणूस आला.

पेन्शनचंही तेच. यांची नोकरी पुरी होत आली होती. मनातल्या मनात मी सगळं मांडून ठेवलं होतं. न्हाणीघराला फरशी घालायची, दोन म्हशी घ्यायच्या, आणि एकदा जोडीनं पाचगणीला जायचं. इतकं जवळ असून आम्ही कधी गेलो नाही. जो तो परका माणूस तिथं जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन येतो आणि आम्ही घाटाखाली. पण तोंडानं बोलायचं? छे! ते पेन्शन घेऊन घरी येणार हे मी धरूनच चालले होते. त्यात विचारायचं काय?

त्या सीझनचा शेवटचा भाग आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितला, हे सुट्टीवर होते तेव्हा. जहाजावरचा दुरुस्तीवाला एका ओसाड स्टेशनवर उतरतो, बंद पडलेलं यंत्र चालू करायला. मागं दार लागतं. जहाजाला थांबता येत नाही, ते निघून जातं. आणि अगदी शेवटी लांबून ते स्टेशन दिसतं, काळंठिक्कर, आणि एका खिडकीत दिवा लागतो. संपला सीझन! मी तर कपाळाला हात लावला. हे मात्र मोबाईल बंद झाला तरी त्या काळ्या काचेकडं बघत बसले होते.

हे गेल्यावर मी एका ग्रुपमध्ये शिरले. मराठी माणसांचा ग्रुप, दिवसरात्र त्याच मालिकेचा काथ्याकूट. आमच्या सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते त्यात, जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून मोकळे व्हायचे आणि मग हे लांबलचक आवाजी मेसेज. त्यांचं म्हणणं, तो दुरुस्तीवाला परत येईल, पण तो तो नसेल. त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी असेल. "बघा तुमी, दारात उभा राहील, हसेल, आणि बायकोला कळणार न्हाई." ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी ठणकावून लिहिलं, काही नाही हो, मेला तो. दिवा आपोआप लागणारा आहे.

यांना फोनवर तेच सांगितलं. हे लगेच म्हणाले, "न्हाई. जित्ता हाय त्यो. पण येणार न्हाई."

"म्हंजे? येता येत न्हाई?"

"येतंय की. तिथं एक छोटं यान हाय, मागच्या भागात दाखवलंय बघ. पण त्यो येणार न्हाई."

"का बरं? बायका-पोरं हायत त्याची जहाजावर!"

"हायत," हे म्हणाले, आणि पलीकडून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

मी खूप हसले त्या अंदाजाला. ग्रुपवर टाकला तर तिथंही सगळे हसले. मरेल म्हणणारे होते, भूत होईल म्हणणारे होते, पण येता येत असून येणार नाही म्हणणारे हे एकटेच.

मग यांची बदली वर झाली. वर म्हणजे बर्फात, इतकंच मला माहीत. फोन कमी झाले. आला तर तिन्हीसांजेच्या सुमाराला यायचा, दिवाबत्तीच्या वेळी. असाच एकदा आला आणि मी नेहमीच्या तोऱ्यात सुरू झाले, "आवं, सोडा तुमचं, मेलाय त्यो, परत येत नसतोय!"

सासूबाई देव्हाऱ्यापुढं वात लावत होत्या. हातातली काडी त्यांनी खाली टाकली. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. दिवेलागणीला अभद्र बोललं तर घराची वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. आणि मी फौजीच्या घरात, फौजीच्याच फोनवर, मेला म्हणून ओरडत होते! फोन कधी कट झाला मला कळलंही नाही. सासूबाईंनी मीठ-मोहरी आणली आणि मोबाईलवरून ओवाळली. हो, मोबाईलवरून! दुसरा प्रसंग असता तर मी लोळून हसले असते. त्या पुटपुटत होत्या.

"आजपासनं त्यो माणूस जित्ता हाय," त्या मला म्हणाल्या. "त्या शिनेमातला. काय समजलीस? ह्या घरात त्यो जित्ता हाय."

"आवं आत्याबाई, ती गोष्ट हाय नुसती."

"आसू दे गोष्ट."

त्यानंतर फोन आलाच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मग मी मोजायचं सोडलं. शेजारच्यांचाही पोरगा तिकडंच होता, त्यांनाही काही कळत नव्हतं. ग्रुपवर तर ऊत आला होता. कुणीतरी बातमी आणली की त्या नटाला नव्या सीझनला घेतलेलंच नाही, म्हणजे मेलाच. दिसलं की मी मोबाईल पालथा घालायची. सासूबाईंना त्या गोष्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज सकाळी भाकरी थापता थापता विचारायच्या, "काय म्हणत्यात लोकं? येतोय का त्यो?" मी म्हणायची, "येतोय, येतोय." शिकलेली बाई मी! पण त्या दिवसांत कुणी मेला शब्द उच्चारला तरी मी मनात देवाचं नाव घ्यायची.

आणि एका संध्याकाळी फोन वाजला. यांचा आवाज. सर्दी झालेला, खोल गेलेला, पण यांचाच. सासूबाईंनी नुसता आवाज ऐकला आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

मी काही विचारायच्या आत हेच बोलायला लागले, त्या स्टेशनवरच्या माणसाबद्दल. मला वाटलं, कधी विचार केला असेल एवढा? "त्याला आता तिथलं सगळं पाठ झालंय," म्हणाले. "कुठला पाइप कवा वाजतोय, कुठल्या फटीतनं वारा येतोय. पत्र्यावर बर्फ पडाय लागला की आधी आवाज बंद होत्यात सगळे. त्याला एकच खोली हाय. एकच काम हाय. चुकलं तर कळतंय, बरोबर झालं तर कळतंय. जहाजावर कोण कवा कशावर रागवंल, त्याला काय कळत न्हवतं बघ."

मालिकेत पत्राही नव्हता आणि बर्फही नव्हता. माझ्या ते ध्यानात आलं, न आलं असं नाही. पण मी म्हटलं, रंगवून सांगतायत, सांगू देत. जिवंत आहेत ना!

"मग? पटतंय का तुला?" हे म्हणाले.

त्या वेळी मला काहीही पटलं असतं. सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाले असते तरी मी हो म्हणाले असते. शिवाय मेला म्हणायची सोय राहिली नव्हती. मी म्हटलं, "पटलं. न्हाई येत त्यो. आणि बरोबरच हाय की त्याचं. जिथं जीव रमतोय तिथं ऱ्हावं माणसानं."

"मनापासनं म्हणतीस?" यांनी विचारलं.

"आवं हो, मनापासनं!"

"बरं झालं," हे म्हणाले. किती हलका आवाज होता तो. लग्नानंतर पहिल्यांदा मी काहीतरी बरोबर बोलले, असं मला वाटलं.

हे सुट्टीवर आले तेव्हा अंगानं धडधाकट होते. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. गावात बोलवाबोलवी झाली, मटण झालं. पण घरात हे पाहुण्यासारखे वागत होते. फ्रीज उघडायच्या आधी विचारायचे. पहाटेच उठून पांघरुणाची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करायचे आणि मग दारापुढच्या ओट्यावर उभे राहायचे, कुणी हुकूम देईल म्हणून वाट बघत असल्यासारखे. पोरगी शाळेतून येऊन काही सांगायला लागली की ऐकायचे, मान हलवायचे, पण बोलायचे नाहीत. मला ते हळदवाले आठवले, दारात उभा राहील, हसेल. मी स्वतःलाच झापलं. असं कुणी आपल्या माणसाबद्दल मनात आणतं?

आणि एका दुपारी नव्या सीझनचा ट्रेलर आला. ग्रुप नुसता पेटला. जहाजाचं दार, दारावर बाहेरून थाप, आणि काचेवर त्या दुरुस्तीवाल्याचा हात! मी शिलाई मशीनवरचं ब्लाउज तसंच टाकून ओसरीवर धावले.

"हरलात! बघा, येतोय त्यो! मोठे अंदाज करणारे!"

यांनी मोबाईल हातात घेतला. परत परत लावून बघितलं. मला वाटलं, आता हसतील. हे म्हणाले, "मग मी कागद दिलेत त्याचं काय?"

"कसले कागद?"

"एक्स्टेंशनचे. आणखी दोन वर्षं मागितलीत. वरच ठेवा म्हणून सांगितलंय."

मला आधी कळेचना. मग मी म्हणाले, "कुणाला इचारून?"

"तुला," हे म्हणाले. अगदी सरळ माझ्याकडं बघून. "तूच म्हणालीस न्हवं, जिथं जीव रमतोय तिथं ऱ्हावं म्हणून. मी परत इचारलं बी, मनापासनं म्हणतीस का."

"आवं, मी त्या मालिकेतल्या माणसाबद्दल बोलत होते!"

"मी न्हवतो बोलत त्याच्याबद्दल."

सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. मला रडू आलं नाही, राग आला. भयंकर राग. इतके महिने मी ह्या माणसाच्या मरणाला भ्यायले, मीठ-मोहरी ओवाळू दिली, एक शब्द वाकडा बोलले नाही, आणि हा माणूस खुशाल माझ्यासमोर बसून सांगतो की तिकडं बरं वाटतं! "सरळ इचारायचं होतंत मला," मी ओरडले. "त्या मेल्या गोष्टीतनं कशापायी?"

"तू तरी कवा सरळ इचारलंस? पेन्शन घेऊन घरी येणार का म्हणून. एकदा तरी?"

नव्हतंच विचारलं. आमच्यात विचारत नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या हातावर थंडीनं काळे पडलेले चट्टे होते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले.

"बरं, आता इचारते," मी म्हणाले. "ही दोन वर्षं सरल्यावर तरी येणार का तुमी घरी?"

त्यांनी मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. "नको इचारू," ते म्हणाले. "तुझ्याशी खोटं बोलता येत न्हाई मला."