रामनाथच्या अंगठ्याची दोरी

रामनाथ तरेला बायकोची हाक ऐकू जात नाही, ही गोष्ट नारपोलीच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांनी तिच्यावर पोटभर हसूनही घेतलं होतं. कमळाने आतून हाकांवर हाका माराव्यात आणि ह्या गृहस्थाने ढिम्म हलू नये. मुलगा कुणाल मात्र एकदा ‘पप्पा’ म्हणाला की मान लगेच वळायची. बायकोचं ऐकायचंच नाही असं ठरवून बसलाय मेला, असं कमळा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोक हसायचे. रामनाथही हसायचा, आणि हसता हसता विषय बदलायचा.

कारण खरं काय ते त्याला एकट्याला माहीत होतं. उभा जन्म त्याने घरच्या कारखान्यात, कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढलेला. ठाण्याच्या एका डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की कान गेलेत, आणि जाताना बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, पोरांचे, घंटीचे. पुरुषांचा जाड आवाज अजून थोडाफार पोचतो, एवढंच. कानाला मशीन लावा, म्हणाला डॉक्टर. रामनाथ घरी आला आणि मूग गिळून बसला. थोरल्या भावाचं, चिंधूचं, असंच झालं होतं. शेवटी शेवटी लोक चिंधूसमोर बसून चिंधूबद्दलच बोलायचे, आणि घरातलं पोर कोणी त्याच्या मांडीवर द्यायचं नाही. ते आठवलं की रामनाथ मशीनचं नावही काढायचा नाही.

त्यात कुणालने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला. झालं, घरात प्रवचन सुरू! म्हणे आदिमानवाच्या काळी पुरुष शिकारीला जायचे, म्हणून त्यांचा कान लांबच्या आवाजाचा. बाया गुहेत पोरांपाशी बसायच्या, म्हणून पोराचं रडणं त्यांच्याच कानाला लागतं. हजारो पिढ्यांचं आहे हे, आपल्या हातात काय! ही सगळी विद्या कुणालला नेमकी आपली मुलगी पमी झाल्यावर सुचली, हेही सांगायला हवं. पमी रात्री रडली की हा घोरत पडायचा आणि बायको विनिता उठायची. आणि पुरावा म्हणून सकाळी चहा पिताना बापाकडे बोट दाखवायचा. पप्पांना बघा, आईची हाक जात नाही, माझी जाते. पुरुषाचा कानच तसा.

रामनाथला ही पळवाट सोन्यासारखी वाटली. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा शिकारी म्हणवून घेणं कधीही बरं. तो मान डोलवायचा.

पण विनिताची बाळंतपणाची रजा संपत आली आणि हे मान डोलवणं त्याच्या अंगाशी आलं. विनिता कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर होती, आणि ती नोकरी तिने फार धडपडून मिळवली होती. कमळा भरदुपारी गल्लीच्या तोंडाशी कामगारांची खानावळ चालवायची, त्यामुळे दुपारी पमीजवळ राहणार फक्त रामनाथ. पुरुषाला पोर सांभाळता येत नाही, निसर्गातच नाही ते, असं म्हणून कुणालने नोकरी सोड असा धोशा लावला. दुपारी पमीला सांभाळाल का, असं विनिताने सरळ सासऱ्याला विचारलं. रामनाथ हो म्हणून बसला, आणि त्या क्षणापासून त्याचा जीव टांगणीला लागला.

विनिता कामावर विचारपूस करायला गेली त्या दुपारी त्याने एक युक्ती केली. कारखान्यात तरी कोण कानांनी काम करत होतं? लूमवर तळहात टेकला की धडधड नीट आहे की बिघडली ते कळायचं. त्याने पाळण्याला दोरी बांधली, दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि खाटेवर बसला. डोळे पाळण्यावर, तरी भरवसा वाटेना. श्वास चालू आहे ना, म्हणून चारचारदा उठून बघत होता. दोरीला हिसका बसला तसा तो धावला. पमीचं तोंड उघडं, गाल लाल. आवाज मात्र त्याला औषधालाही नव्हता. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटत आतल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागला. ही आत्ता रडायला लागली की केव्हाची रडतेय, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

मग पायाखालची फरशी हादरली. कोणीतरी दार बडवत होतं. त्याने उघडलं तर समोर विनिता, चेहरा पांढराफटक, आणि तिच्या मागे शेजारचा केसरीनाथ दार फोडायला पहार घेऊन उभा. किती वेळ घंटी वाजवतेय, फोन करतेय, आत पोर रडतंय आणि कोणी येत नाही, असं ती बोलत होती. ओठांवरून त्याला एवढं कळलं. झोप लागली होती गं बाय, असं तो हसून खोटंच म्हणाला. विनिताची नजर खाली गेली. अंगठ्याला बांधलेली दोरी पाळण्यापासून सुटून फरशीवरून त्याच्या मागे लोळत होती. तिने सासऱ्याच्या तोंडाकडे बघत पुन्हा घंटीवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. रामनाथ तसाच हसत उभा राहिला. मग त्याला तिचं बोट दिसलं.

विनिता पमीला घेऊन आत गेली.

संध्याकाळी केसरीनाथने कुणालला सगळं सांगितलं आणि कुणालला तर तेच हवं होतं. सगळे जेवायला बसले असताना त्याचं सुरू झालं. बघितलंस ना, पुरुषाला ऐकू येतच नाही, उद्या फोन कर आणि राजीनामा दे. विनिता ताटात बघत होती. एकदाच तिने मान वर करून रामनाथकडे पाहिलं आणि परत खाली घातली. ती सांगणार नाही, हे रामनाथला कळलं. गप्प राहिलं तर झाकली मूठ तशीच राहील. सांगितलं तर पमी गेली हातातून, चिंधूसारखं. 

तेवढ्यात बोलता बोलता कुणालची मान आतल्या खोलीकडे वळली. क्षणभरच. मग परत इकडे फिरली आणि तोंड पुढे चालू झालं. रामनाथने विनिताकडे बघितलं. ती उठायला लागली होती.

“बस गं बाय,” रामनाथ म्हणाला. “पमी रडतेय ना?”

विनिताने मान हलवली.

“कुणाल, तुजी मान वळली. मी बघितली. तू बोलता बोलता ऐकलंस, आणि मना बाजूला बसून काय बी ऐकाला आलं न्हाय. माजे कान लूमनी खाल्ले. डॉक्टरनी सांगितलंय. ह्यात शिकार बी न्हाय न गुहा बी न्हाय. मी बहिरा हाय.” त्याने आतल्या खोलीकडे बोट केलं. “तू न्हाय. तू ऊठ.”

कमळाचा हात ताटातच राहिला. इतकी वर्षं ज्या माणसाला ती उर्मट म्हणत आली, त्याच्याकडे ती बघतच राहिली, आणि मग तिने डोळ्याला पदर लावला. कुणाल उठला. खरकट्या हातानेच आत निघाला होता, मग हात धुवायला वळला.

रामनाथ खाली मान घालून बसला. आता पमी आपल्याकडे कोण देणार, हेच त्याच्या डोक्यात घुमत होतं. पाठमोरी विनिता ओट्यापाशी काहीतरी म्हणाली, ते त्याला कळलं नाही. मग ती आली, त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, “पप्पा, सोमवारपासून मी ड्युटीवर जातेय. तोवर कानाचं मशीन आणू. आणि दोरीही राहू दे.”