चूलबंद आवतण

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्याने म्हणून ठेवलं त्याने दोन्ही एकेकदाच केलं असणार. राजारामपुरीत फॉल-पिकोचं दुकान चालवणाऱ्या क्रांतीने घर काही बांधलं नव्हतं, पण लग्नं इतकी पार पाडली होती की किती म्हणून विचारलं तरी ती चिडायची. चुलतबहिणींची केली, मावसभावांची केली, ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या दिराचंही केलं. ती जन्मली त्या दिवशी वडील कुठल्याशा मोर्चाला गेले होते म्हणून नाव क्रांती पडलं, पण बंड असं तिने कधी केलंच नाही. कुणी "आक्का, जरा येतीस काय?" म्हणालं की शटर खाली ओढायचं आणि निघायचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, पोटी मूल नाही. तेव्हा तिला काय, एकटीच तर आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. एकट्या माणसाला वेळच वेळ असतो, हा शोध ज्यांनी लावला त्यांच्या घरी चार-चार माणसं मोबाईल बघत लोळत असतात.

तिची काम लक्षात ठेवायची रीत पदराची होती. एक काम, एक गाठ. आचाऱ्याला सांगायचं, मारली गाठ. मुंडावळ्या आणायच्या, मारली गाठ. काम झालं की गाठ सोडायची. लग्न जवळ आलं की पदर विहिरीच्या दोरासारखा दिसायचा आणि पोरी हसायच्या. पण आजवर तिच्या हातून ना मामाची टॉवेल-टोपी राहिली, ना ऐन वेळी अंतरपाट शोधायची पाळी आली.

यंदा लग्न होतं तिच्या सख्ख्या भाचीचं, अनुजाचं. अनुजाचा बाप विजयसिंह, क्रांतीचा धाकटा भाऊ, उचगावात पाइप-फिटिंगचं दुकान काढून बऱ्यापैकी वर आलेला. त्याने बहिणीला समोर बसवून प्रेमाने सांगितलं, की आक्का, तू आता दमलीस, या बारीला आपण माणसं लावू. क्रांतीला जरा वाईट वाटलं, जरा बरंही वाटलं. तिने मनातल्या मनात एक नवीकोरी साडी नेसली, पुढच्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी निवांत अक्षता टाकल्या. हे सुख तिला चार दिवस पुरलं.

पाचव्या दिवसापासून स्वप्नालीचे फोन सुरू झाले. ही इव्हेंटवाली मुलगी पुण्याची, कानात कायम काहीतरी खोचलेलं, बोलायला गोड आणि कामाला चोख. तिच्याविरुद्ध बोलायला जागा नव्हती, हीच मोठी अडचण. लग्न पार पाडणं तिला येत होतं, फक्त या माणसांचं लग्न म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं आणि ते सगळं ती क्रांतीला विचारायची. देवक म्हणजे मूर्ती का? मामा एकच उभा राहील की सगळे? घाणा भरायचा आहे असं ऐकल्यावर तर तिने तेलाचा घाणा भाड्याने कुठे मिळतो याची चौकशी करून ठेवली होती, बैलासकट. उखळात हळकुंडं कांडतात बाई, त्याला घाणा म्हणतात, हे क्रांतीने मशीनवर एका साडीचा फॉल लावता लावता समजावलं आणि फॉल उलटा लागला.

मदतीला माणूस लावणं म्हणजे त्या माणसाला मदत करणं, हे ज्ञान क्रांतीला झालं ते असं. पूर्वी ती काम करायची. आता काम करायची, शिवाय ते काम कसं करायचं ते सांगायची, आणि झालं की ते झाल्याचा फोटो ग्रुपवर टाकायची. ग्रुपही एक नव्हता. हळदीचा वेगळा, जेवणाचा वेगळा, गाड्यांचा वेगळा, आणि 'फक्त फॅमिली' नावाचा एक, ज्यात मांडववालाही होता. विजयसिंहला काही विचारलं की तो म्हणायचा स्वप्नालीला विचार. स्वप्नालीला विचारलं की ती म्हणायची, ताई, ते तुम्हीच सांगणार होता ना. अनुजाला विचारायची सोय नव्हती, ती होणाऱ्या नवऱ्याबरोबर, ऋतुराजबरोबर, फोटो काढायला पन्हाळ्यावर गेलेली असायची. क्रांतीचा जीव अगदी मेटाकुटीला आला. घरी जाऊन स्वतःपुरता भात टाकायचंही तिला सुचेना. वडापाव खाऊन ती झोपायची आणि झोपेत सुद्धा कुणावर तरी करवादायची.

पण तिच्या पदरात एक गाठ अशी होती जी तिने कुणाच्याही हवाली केली नाही. ती गाठ होती नेसरीच्या आण्णांची.

आण्णा म्हणजे क्रांती-विजयसिंहचे चुलते, वडिलांच्या भावांपैकी शिल्लक राहिलेलं एकच माणूस. त्यांचं विजयसिंहशी वाकडं आलं होतं ते त्याच्या स्वतःच्या लग्नात. आपल्याकडे आवतणाचे दोन प्रकार. घरटी एक, म्हणजे घरातल्या एकाने येऊन अक्षता टाकून जावं. आणि चूलबंद, म्हणजे लहानथोर सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटता कामा नये. सख्ख्या माणसांना चूलबंदच देतात. विजयसिंहने घाईघाईत कुणा ओळखीच्या माणसाबरोबर नेसरीला निरोप धाडला आणि त्या शहाण्याने सगळ्या गावाबरोबर आण्णांनाही घरटी एक सांगून टाकलं. आण्णा आले. एकटेच आले, अक्षता टाकल्या, आणि ताटावर न बसता आल्या पावली परत गेले. तेव्हापासून या घरात ते पाणी प्यायले नाहीत. सख्ख्या भावाच्या मातीला आले, खांदा दिला आणि तिथूनच एसटी धरली. विजयसिंहचं म्हणणं, मी काय मुद्दाम केलं व्हय? आण्णांचं म्हणणं काहीच नव्हतं, आणि तेच जड होतं.

क्रांतीला हे सहन व्हायचं नाही. तिचा नवरा गेला तेव्हा बाकी सगळे सल्ले द्यायला आले होते. आण्णा तांदळाचं पोतं घेऊन आले, दिवसभर उंबऱ्यात बसून राहिले आणि काही न बोलता गेले. ते पोतं आणि ते बसणं ती विसरली नव्हती. बाकी लग्न कसंही होवो, हॉल पडो की बँड पळून जावो, आण्णांनी या मांडवात जेवलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून ती स्वतः नेसरीला गेली. चुलती चिमणाबाईच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाली, चूलबंद आवतण हाय, सगळ्या भावकीला. आण्णा म्हशीला पेंड घालत होते. त्यांनी मान वर न करता "बघू" म्हटलं. चिमणाबाई तिला स्टँडपर्यंत सोडायला आली आणि कानाशी लागून म्हणाली, की येतील, कोट इस्त्रीला धाडलाय.

परत येताना एसटीत स्वप्नालीचा मेसेज आला. नेसरीचे पाहुणे किती, जेवणाची काही सूचना? गाडी हिसके देत होती, अक्षरं दाबता येईनात, तेव्हा क्रांतीने फोनला तोंडानेच सांगितलं आणि त्याने लिहिलेलं न वाचताच धाडून दिलं: नेसरीची भावकी सगळी येणार, चूलबंद. त्यांना उभ्याने नको, पंगत बसवायची. पलीकडून अंगठा आला, नमस्कार आला. क्रांतीने डोळे मिटले.

लग्नाच्या दिवशी नेसरीचा टेम्पो हॉलच्या दारात लागला आणि त्यातून आण्णा उतरले, इस्त्रीचा कोट, डोक्याला फेटा. मागोमाग चिमणाबाई, सुना, नातवंडं, अख्खी भावकी. क्रांतीच्या नव्या साडीच्या पदराला आता तेवढी एकच गाठ उरली होती. अक्षता पडल्या. आण्णांनीही टाकल्या. मग क्रांती त्यांना स्वतः वरच्या हॉलमध्ये घेऊन गेली, जिथे स्वप्नालीने नेसरीकरांची स्वतंत्र पंगत मांडली होती. पाट होते, रांगोळी होती, दारात पाहुण्यांच्या नावाची पाटीसुद्धा होती.

आणि प्रत्येक ताटात दोन केळी, चार खजूर, राजगिऱ्याचा एक लाडू. शेजारी ताकाचा पेला.

खालून मसालेभाताचा आणि जिलेबीचा वास वर येत होता. पाटांवर टेकलेली पोरं ताटाकडे बघत राहिली. क्रांतीने स्वप्नालीला बाजूला ओढून हा काय प्रकार म्हणून विचारलं, तर ती मुलगी मोठ्या उत्साहात सांगू लागली, की ताई, तुम्हीच लिहिलं होतं ना, यांची चूल बंद. म्हणजे शिजवलेलं चालत नाही. मी लाडूसुद्धा पॅकबंद मागवलेत. तिने फोन पुढे धरला. फोनने 'चूलबंद'मध्ये एक जागा सोडली होती आणि त्या जागेत सगळं लग्न पडलं होतं.

क्रांतीने हाका मारून वाढपी बोलावले, खालचं सगळं वर आणा म्हणून सांगितलं, आणि वळून बघते तो आण्णा उभे राहिलेले. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मागल्या बारीला एकट्याचं आवतण हुतं, एकटा आलतो. या बारीला चुली इझवून आलोय, तर उपास घडवालायसा. बेस हाय. चला रं."

भावकी उठली. विजयसिंह धावत आला, स्वप्नाली रडायला लागली, चूक झाली, मुलगी नवी आहे, जेवण आत्ता येतंय, सगळं सांगून झालं. पण पालथ्या घड्यावर पाणी. आण्णा चपला शोधू लागले.

आणि तिथे क्रांतीचं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचा सगळा वैताग, ते ग्रुप, ते फोन, तो उलटा फॉल, सगळं एकदम वर आलं आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

"जावा," ती म्हणाली. "खुशाल जावा आण्णा. तुमास्नी निदान आवतण तरी चुकीचं आलं. मला आजपतोर कुणी दिलंय? एवढ्या जणांची लगीनं केली, माझ्या हातावर अक्षता ठिवून ये म्हणून कोण म्हणालंय? माझ्याबी घरात चूल हाय की. पंधरवडा झालं ती पेटली न्हाय, आन कुणाला म्हाईतबी न्हाय."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पोरं, सुना, वाढपी, सगळे बघत होते. आण्णांच्या हातात एक चप्पल तशीच राहिली.

त्यांनी विजयसिंहकडे पाहिलं. "हिला आवतण कुणी दिलंय?"

विजयसिंह गोंधळला. "तिला कसलं आवतण आण्णा? आक्का घरचीच की."

"मीबी घरचाच हुतो," आण्णा म्हणाले.

विजयसिंहने मान खाली घातली. इतक्या वर्षांत जे त्याला कुणी समजावू शकलं नव्हतं ते त्याला तेव्हा कळलं असावं, कारण तो पुढे होऊन चुलत्याच्या पाया पडला. आण्णांनी त्याला उठवलं नाही आणि झिडकारलंही नाही. चप्पल खाली ठेवली. मग कोटाच्या घडीत, फेट्याच्या पदरात चाचपू लागले. मघाशी पडलेल्या अक्षतांचे काही दाणे तिथे अडकले होते. ते त्यांनी जाड बोटांनी एक-एक करून गोळा केले आणि क्रांतीचा हात पुढे ओढून तळव्यावर ठेवले.

"क्रांते, चूलबंद आवतण हाय," ते म्हणाले. "बस जेवायला."

क्रांतीला रडू आलं आणि ते आल्याचा रागही आला. आण्णा पाटावर बसले, तिला शेजारी बसवलं, आणि मग सगळी भावकी बसली. केळी-खजूर पोरांच्या खिशात गेले. विजयसिंहने वाढप्याच्या हातातून आमटीची बादली घेतली आणि स्वतः वाढत सुटला. आण्णांनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला. क्रांतीने तो घास गळ्याखाली उतरेपर्यंत पाहिला.

तिचा स्वतःचा हात ताटाकडे गेला तेवढ्यात फोन वाजला. खाली वरमाय रुसली होती की गाडीचा हार सापडत नव्हता, काहीतरी असणारच. ती सवयीने उठू लागली. आण्णांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला, आपल्या मांडीखाली सरकवला आणि म्हणाले, "आवतणाची पावणी उठत नसती." फोन मांडीखाली वाजत राहिला. क्रांतीने भात कालवला. पदराची गाठ सोडायची राहिली होती, पण उजवा हात खरकटा झाला होता आणि कुणाला हाक मारावी असं तिला वाटलं नाही. विजयसिंह बादली घेऊन पुन्हा समोर आला तेव्हा तिने फक्त एवढंच सांगितलं, की आमटीत मीठ कमी आहे.