देवमनकाकांची बारी

स्नेहा ही देवमनकाकांची एकुलती एक मुलगी. राहते कामरगावात, नोकरी कारंज्याला एका औषधाच्या दुकानात. सकाळच्या बसने जाते, दिवेलागणीला परत येते. अमरावतीला फार्मसी शिकत असताना होस्टेलवरच्या मुलींकडून ती एक खेळ शिकली. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. गेम मास्टर म्हणतो, समोर गुहा आहे, आतून धूर येतोय, काय करता? ज्याची बारी असेल त्याने आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा टाकून ठरवायचं. शिक्षण संपवून स्नेहा गावी आली ती असे फासे पर्समध्ये घेऊनच, आणि खेळायला माणसं हवीत म्हणून तिने आम्हाला गोळा केलं.

आम्ही म्हणजे तिघं. बबलू कामरगाव ते कारंजा जीप चालवतो. उज्ज्वला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. तिसरा मी, गणेश. माझं स्टँडजवळ बी-बियाण्याचं दुकान आहे. खेळात मात्र आमची सगळी उलटापालट झाली. जीपच्या टपावर एकटा पोती चढवणारा बबलू एक हाडकुळा, भित्रा जादूगार झाला. उज्ज्वलाने कुऱ्हाड घेतली, आणि ती बोलायच्या आधी मारायची. मी कुलपं उघडणारा चोर होतो. डोंगरापलीकडच्या एका मांत्रिकाने गावोगावच्या माणसांच्या सावल्या चोरून नेल्या होत्या आणि त्या आम्हाला परत आणायच्या होत्या. ही सगळी गोष्ट स्नेहाने स्वतः रचलेली. रविवारी दुपारी आम्ही तिच्या घरी जमायचो.

फासे पाहून स्नेहाच्या आईला, लिलाकाकूंना, सुरुवातीला वाटलं की हा जुगार आहे. दोन-तीन रविवार त्या दाराशी उभ्या राहून आमच्या हातांकडे बघत होत्या. काकांना तसं काही वाटलं नाही. ते एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. पलीकडच्या खोलीत पेपर उघडून बसायचे, पण कान आमच्याकडे. आम्ही निघालो की बबलूला हटकून विचारायचे, भेटल्या का रे सावल्या?

मग तुरी सोंगायच्या दिवसांत काका सकाळी आंघोळीला गेले ते न्हाणीतच पडले. बबलूने जीप काढली, अमरावतीला नेलं. लकवा होता. जीव वाचला. उजवा पाय महिन्या-दोन महिन्यांत वळणावर आला, हात अर्धामुर्धा आला. बोलणं आलं नाही. डॉक्टरांनी स्नेहाला नीट समजावून सांगितलं की यांना ऐकलेलं सगळं कळतं, काय बोलायचं तेही डोक्यात असतं, पण शब्द जिभेपर्यंत पोचत नाही.

काही शब्द मात्र आपोआप यायचे. कोणी ‘जय भीम’ म्हटलं की काका इतकं खणखणीत ‘जय भीम’ म्हणायचे की माणसाला वाटावं, हे तर बरे झाले. तो खुर्ची ओढून गप्पा सुरू करायचा, काही विचारायचा, आणि काकांचा चेहरा नुसता हलायचा. मग दोघांनाही अवघड व्हायचं. असं होऊ लागलं तसं लोकांचं येणं कमी झालं, आणि काकांनी दारापुढे बसणं सोडलं.

लिलाकाकूंनी सगळं अंगावर घेतलं. काकांनी नुसतं ‘च’ म्हटलं की काकू चहा आणायच्या, नाहीतर चष्मा, नाहीतर चादर. नजरेवरून त्यांना ओळखता यायचं आणि सहसा चुकायचं नाही. कोणी काकांना प्रश्न विचारला की उत्तर काकूंकडून यायचं. अकोल्याला बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, महिन्यातून एकदा स्नेहा काकांना त्यांच्याकडे न्यायची. त्यांनी काकूंना सांगितलं होतं, त्यांना बोलू द्या, थांबा, घाई करू नका. काकू तिथे हो म्हणाल्या, पण घरी आल्यावर त्यांच्याने थांबवेना. “त्याईची तडफड मले पाहवत नाही,” असं त्या मला एकदा दुकानात म्हणाल्या होत्या. हळूहळू काकांनी ‘च’ म्हणणंही बंद केलं. बोट दाखवायचे, आणि ते मिळायचं.

खेळ अर्थातच थांबला होता. पावसाळ्यात एके दिवशी स्नेहा कामावरून आली तर काकांनी कपाटातली फाशांची पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. घरात पुन्हा माणसांचा आवाज व्हावा असं बाबांना वाटतंय, एवढंच तिला कळलं. तिने आम्हाला फोन केले.

त्या रविवारी काका पलीकडच्या खोलीत गेले नाहीत. खुर्ची ओढून आमच्यात बसले. आमची एकेकाची बारी झाली आणि स्नेहा बोलता बोलता त्यांच्याकडे वळली. हे तिने ठरवलेलं नव्हतं, तोंडून निघून गेलं, असं ती नंतर म्हणाली.

“बाबा, आता तुमची बारी. तुमी कोण?”

आमच्या खेळात एक नियम आहे. ज्याची बारी, त्यानेच बोलायचं. तो कितीही वेळ घेवो, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. हा नियम खरं तर उज्ज्वलासाठी करावा लागला होता, कारण ती सगळ्यांच्याच बाऱ्या खेळायची. आम्ही गप्प बसलो. काकांचे ओठ हलले. कपाळावर घाम आला.

“ना... नाव,” ते म्हणाले.

स्नेहाला वाटलं, बाबा विचारताहेत की आपलं नाव काय ठेवू. तिने दोन-तीन नावं सुचवली. काकांनी मान हलवली आणि डावा हात हवेत मागे-पुढे ओढायला लागले. आम्हाला अजून उलगडलं नव्हतं, तेवढ्यात दारातून काकू म्हणाल्या, “नावाडी म्हणून राह्यले ते. त्याईच्या मामाच्या गावाले पैनगंगेवर डोंगा होता.”

बरोबरच होतं ते. पण काकांचा हात थांबला आणि मांडीवर येऊन पडला. स्नेहाने ते पाहिलं.

“आई, बाबाची बारी होती,” ती हळूच म्हणाली.

काकू आत निघून गेल्या, चहा देतानाही कोणाशी बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी मायलेकींचं चांगलंच वाजलं. मी बोलते म्हणून या माणसाचं सगळं वेळेवर होतं, नाहीतर दिवसभर तहानेला राहील, असं काकूंचं म्हणणं. स्नेहाने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी तूही खेळायला बस, एवढंच म्हणाली. लेकराईच्या खेळात मी काहून बसू, असं म्हणून काकूंनी विषय तोडला.

पण रविवारी त्या आल्या. सुपात लसूण घेऊन बसल्या, म्हणजे आपण कामच करतोय असं दिसावं. स्नेहाने विचारलं, गोष्टीत तू कोण? “मी लिलाबाईच,” काकू म्हणाल्या. मग लिलाबाई नावाची एक बाई गाठोडं घेऊन काकांच्या नावेत बसली आणि आमच्याबरोबर सावल्या शोधायला निघाली.

काकांची बारी आली की काकूंची बोटं लसणावर जोरात चालायची. काका एखाद्या शब्दाशी अडून बसले की त्यांचा जीव नुसता वरखाली व्हायचा, पण तोंड त्या मिटून ठेवायच्या. आठवड्याचा लसूण एका बैठकीत सोलून व्हायचा. काका ‘दोर’ म्हणाले, ‘थांब’ म्हणाले, एकदा ‘वल्हं’ म्हणाले. कधी भलताच शब्द यायचा. तसं झालं की ते मान हलवायचे आणि आम्ही पुन्हा थांबायचो. एकदा त्यांना वारा म्हणायचं होतं आणि तोंडून वाघ आला. त्यांनी मान हलवायला घेतली, मग आमच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “हो.” त्या दिवशी नदीकाठी खरोखर वाघ आला आणि बबलूचा जादूगार झाडावर चढून बसला. काका पोट धरून हसले. काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं, त्यांनी ते लसणावर ढकललं.

दिवाळी होऊन गेल्यावरचा एक रविवार मला नीट आठवतो. आमची नाव मधल्या धारेत होती. पाण्यातून नदीचा राखणदार वर आला, नावेएवढं डोकं, अंगभर शेवाळ. स्नेहा आवाज घोगरा करून म्हणाली की पलीकडे जायचं तर एक माणूस इथे उतरवावा लागेल, आणि तिने बोट लिलाबाईकडे केलं. मग काकांकडे वळून विचारलं, “नावाडी काय करते?”

काकूंनी लसूण खाली ठेवला. बबलूचा फोन वाजायला लागला, त्याने न बघताच तो बंद केला.

काका म्हणाले, “ही...” आणि अडले. “ही... शीट...” शीट म्हणजे पॅसेंजर, कंडक्टरकीतला जुना शब्द. त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ काही नाही. काकूंचे ओठ हलले, पण त्यांनी पदराचा बोळा मुठीत दाबला आणि जमिनीकडे बघत राहिल्या. शब्द येतोय की नाही हे आम्हा कोणालाच कळत नव्हतं.

“इले... उतरवत नाही,” काका म्हणाले.

लकव्यानंतर इतकं पूर्ण वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं आता स्नेहा खेळ थांबवेल, बाबांना मिठी मारेल. पण तिने राखणदाराचा आवाज सोडला नाही.

“कायले?” राखणदाराने विचारलं.

या वेळी काका काकूंकडे बघत होते.

“माही... हाय.”

मग काकांनी डाव्या हाताने फासा उचलला आणि टाकला. तो गडगडत सुपाला जाऊन अडला. तीन. विसात तीन म्हणजे साफ फसलं. आम्ही सगळे स्नेहाकडे पाहायला लागलो. तिच्या जागी मी असतो तर फासा नीट पडला नाही, पुन्हा टाका, असं म्हणालो असतो. तिने फाशाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, “तीन. नाव उलटली.”

“अवं, एवढं बोलले ना ते,” काकू कळवळून म्हणाल्या. “राहू दे ना.”

काकांनी हात वर केला. “नाही,” ते म्हणाले. तीन बोटं दाखवली. “ती...न.” त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. बाकी सगळं जग वर्षभर त्यांना सूट देत होतं. आज ते आमच्यासारखेच हरले होते.

नाव बुडत होती आणि बारी काकूंची होती. आजवर त्यांनी फासा कधी हातात घेतला नव्हता, आपली बारी आली की ‘मी बसूनच हाव’ म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी हात पदराला पुसले. “मी त्याईचा हात धरतो,” त्या म्हणाल्या आणि फासा टाकला. सतरा पडले. काठाला लागलो तेव्हा नाव गेली होती, गाठोडं गेलं होतं, माणसं सगळी शाबूत होती.

त्यानंतर काका भराभर बोलायला लागले असं झालं नाही. डॉक्टर म्हणतात, आहे त्याहून फार सुधारणार नाही. पण काकू बदलल्या. घरी पाहुणे आले आणि कोणी काकांचं वाक्य पुरं करायला गेलं की त्या नुसता हात आडवा करतात. बाजाराच्या दिवशी काका वांगी घ्यायला एका दुकानापुढे उभे होते. भाजीवाल्याने त्यांचं तोंड हलताना पाहून काकूंना विचारलं, काय पाहिजे यांना? “थांबा, सांगून राह्यले ना ते,” काकू म्हणाल्या. भाजीवाला थांबला. मागची दोन-तीन माणसंही थांबली.

यंदा उन्हाळ्यात मांत्रिक हरला आणि सावल्या ज्याच्या त्याला मिळाल्या. पुढे काय खेळायचं असं चाललं असताना स्नेहा सहज म्हणाली की इतकी वर्षं मी सगळ्यांना खेळवते, मला स्वतःला कोणी खेळवलं नाही. काकांनी छातीवर हात ठेवला.

“मी,” ते म्हणाले.

तेव्हापासून अधूनमधून एखाद्या रविवारी खेळ काका चालवतात. त्यांची गोष्ट अशी असते: “पूल. तुटला. खाली... आग. काय करता?” हे शेवटचे दोन शब्द आता त्यांना न अडखळता येतात. स्नेहा त्यांच्यापुढे मांडी घालून बसते. तिने उडणारी मुलगी घेतली आहे. पहिल्याच रविवारी ती मोठ्या ऐटीत म्हणाली, मी उडून पलीकडे जाते, आणि फाशावर एक पडला. “पडली,” काकांनी जाहीर केलं. कितीही विनवण्या केल्या तरी त्यांनी तिला सूट दिली नाही.

काकूंचं म्हणणं असं की यांच्या गोष्टीत पूल फार तुटतात. बबलूने हे काकांना तोंडावर सांगितलं. काकांनी उत्तराला बराच वेळ घेतला, आणि आम्ही थांबलो.

“जिल्ह्याचे... रस्ते... तसेच हाय,” ते म्हणाले.