खरी ओळखायची खूण

वारंगा फाट्यावर हिंगोलीची जीप घेऊन तो उभा असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारावं असं त्याच्यात काही नव्हतंच. पहिल्यांदा त्याच्या जीपमध्ये चढलो, कारण आत एकच जागा उरली होती. "बसा सर, भरली की निघालीच," तो म्हणाला. दहा वाजता माझी शिक्षकाच्या नोकरीची मुलाखत होती.

मी बसलो. हा आपला बॉनेटला टेकून मोबाइलवर गेम खेळत राहिला. गेममध्ये पुराणातली एक मायावी राक्षसीण होती. वार करायला गेलं की ती एकीच्या दहा व्हायची, त्यातली एकच खरी. हा खोटीवर बोट मारायचा, हरायचा आणि पचकन थुंकून म्हणायचा, "लई लबाड बाई हाय! असं फसवतेत व्हय माणसाला?"

अर्धा तास गेला. "अहो, गाडी भरली ना? मग थांबलात कशाला?" मी ओरडलो.

त्यानं मानही वर केली नाही. "दम धरा सर, आता खूण गावली. खोट्या निवांत उभ्या राहतेत. जी चुळबुळ करून राहिली, तीच खरी."

तेवढ्यात एक कुटुंब आलं. त्यानं शीळ घातली, तसे माझ्या शेजारचे चौघे मुकाट उतरून चहाच्या टपरीवर जाऊन बसले. गाडी भरलेली दिसावी म्हणून त्यानं बसवलेले त्याचेच दोस्त होते ते.

त्या भरल्या जीपमध्ये अर्धा तास घड्याळ बघत चुळबुळ करणारा मी एकटाच होतो.